मिशा कुणाच्या शाबूत

खामगाव, ३ जुलै २०२५

चिरंजीव पूनम,

आशीर्वाद लिहावा की नाही हे मला कळत नाही, तेव्हा तो लिहिला आहे असं धरून चाल. तू फोन उचलत नाहीस. तुझ्या भावाला, दीपकला लावला तर तो म्हणतो, "ताई झोपलीय, काका." सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, संध्याकाळी सातलाही झोपलेली. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली.

तुझ्या उंदरांचे केस गेले.

बातमी सरळच लिहितो, कारण मी स्वतः अजून सावरलेलो नाही. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि पाहतच राहिलो. पांढरी खसखस, तिच्या हनुवटीपासून डोळ्यापर्यंत नुसती गुलाबी कातडी. काळ्या मोहरीच्या डोक्यावर रुपयाएवढं टक्कल. साखरेला एकही मिशी नाही, कोणी कात्रीनं कापाव्यात तशा गेल्या आहेत. फक्त पिंगट वेलची धडधाकट आहे, उलट अंगानं भरली आहे. मी पस्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. म्हशींची खरूज पाहिली, शेळ्यांची देवी पाहिली, कुत्र्यांना लागलेली लूत पाहिली. पण चारातल्या तिघींचे केस साफ आणि कातडीवर ना खपली ना फोड, असं कधी पाहिलं नव्हतं. 

तुझी सासू सत्यभामा म्हणाली, "सून गेली तवा तुमचं तोंड असं नव्हतं झालं." तिचं बोलणं मी मनावर घेत नाही.

आता मुद्द्याचं. जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-तीन दिवसांत गळून गेले, पथकं आली, पाणी तपासलं, गहू तपासला, हे तुला आठवत असेल. त्याच महिन्यात तुझ्या डोक्यावर डाव्या बाजूला दोन चट्टे पडले. मी तुला स्वतः स्कूटरवर बसवून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. तो कालचा पोरगा म्हणाला, हे त्या साथीतलं दिसत नाही, त्यात असे एकाच बाजूचे जात नाहीत. मी त्याला सांगितलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी केस आणि कातडी बघतो आहे. तू शेजारी गप्प बसून होतीस. मग ११ जूनला तू एक बॅग घेऊन मेहकरच्या एसटीत बसलीस, बीबीला माहेरी गेलीस, आणि आठ दिवसांत पोलिसांच्या महिला कक्षातून कागद आला की अविनाश तुझे केस धरून ओढतो, उपटतो. माझ्या मुलाविरुद्ध असा कागद. २० जूनला मी तिथं जबाब लिहून दिला: सुनेचे केस साथीत गेले, मी स्वतः दवाखान्यात नेलं होतं, माझा मुलगा निर्दोष आहे.

आणि आता हे उंदीर. तेच घर, तेच पाणी, तेच धान्य. अविनाश तर त्या पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. मला धक्का बसला हे खरं, पण धक्का ओसरल्यावर जरा बरंही वाटलं, हे तुझ्यापासून का लपवू. ४ ऑगस्टला मला पुन्हा बोलावलं आहे. त्या दिवशी मी पिंजरा घेऊन जाणार आणि तिथल्या बाईंच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी तू तक्रार मागे घेतलीस तर तुझीही शोभा राहील आणि आमचीही.

उपचार सुरू केला आहे. खरजेचं मलम लावलं, पिंजरा फिनेलच्या पाण्यानं धुतला, आणि बिछान्याला जिनिंगमधून ताजा कापूस आणून घातला. खामगावात राहून जनावराला कागदाच्या चिंध्यांवर झोपवणं मला बरं दिसेना. तू अकोल्याच्या दुकानातून त्यांना बुटांच्या खोक्यात घालून आणलंस तेव्हा मी म्हणालो होतो, गणपतीचे दहा दिवस ठीक, बाकीचं वर्ष यांचं काय करायचं? तेच आता माझ्या गळ्यात पडलं आहे.

वामनराव


खामगाव, १२ जुलै

पूनम,

तुझं कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड. पोस्टमननं वाचलेलं असणार, कारण देताना तो म्हणाला, "काका, कापूस काढाले सांगून राह्यली तुमची सून."

महिन्यानं सुनेचं पत्र येतं आणि त्यात सासऱ्याचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, खुशाली नाही. नुसतं एवढंच: "मलम लावू नका, त्या एकमेकींना चाटतात, पोटात जाईल. कापूस काढा, धागा पायाला गुंडाळतो. फिनेल नको. पिंजरा सगळा एकदम धुऊ नका, मूठभर जुना बिछाना ठेवा. स्वतःचा वास गेला की त्या बिथरतात."

मी या सगळ्या गोष्टी करून बसलो होतो. कार्ड हातात घेऊनच आत गेलो. साखर कोपऱ्यात तीन पायांवर उभी होती. चौथ्या पायाला कापसाचा तंतू असा आवळला होता की बोटं निळी पडली होती. सत्यभामेनं तिला फडक्यात धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीनं तो धागा सोडवायला लागलो. आयुष्यभर बैलांच्या मानेत सुया टोचल्या, अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, कधी दोनदा बघावं लागलं नाही. त्या दिवशी धाग्याचं टोक तीनदा शोधावं लागलं. साखर ओरडत नव्हती, नुसती धापा टाकत होती. पाय वाचला आहे, एक बोट गेलं.

आणि बिथरण्याचं म्हणशील तर तेही झालं. पिंजरा धुतल्यापासून त्या चौघी एकमेकींना परक्यासारख्या हुंगत होत्या, शेपट्या जमिनीवर तडतडवत होत्या, चाकावरून एकमेकींना ढकलत होत्या. मी समजलो रोग डोक्यात गेला. वासावाचून त्यांना आपलं माणूस ओळखू येत नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला मोठ्या जनावरांचं माहीत. तू तासन्‌तास त्या पिंजऱ्यासमोर बसायचीस, मोबाइलवर बघून बघून शिकायचीस आणि आम्ही हसायचो. मी जास्त हसायचो.

अविनाश म्हणतो, "बाबा, ते घाण नाल्यात सोडून द्या." मी त्याला म्हणालो, अरे, तुझ्याच बाजूचा पुरावा आहे तो. तेव्हा तो दुकानाकडे निघून गेला.

तू सगळं लिहिलंस, पण केस कशानं गेले ते लिहिलं नाहीस. ते मला हवं आहे. साथच आहे ना, तेवढं एका ओळीत लिही म्हणजे माझं काम झालं.

वामनराव


खामगाव, २१ जुलै

पूनम,

तुझं दुसरं कार्ड परवा आलं. "रोग नाही. पाणी नाही, गहू नाही. चौघींत मिशा कुणाच्या शाबूत आहेत तेवढं बघा. सांजेला बत्ती न लावता तासभर शांत बसा."

आधी मला राग आला. मी बशीरभाईंकडे गेलो. त्यांचं गुरांच्या औषधांचं दुकान, माझी त्यांची तीस वर्षांची ओळख. सगळं ऐकून ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले, "वामनराव, चार में तीन गंजे और एक साबूत? बीमारी किसी का लिहाज करती क्या?" दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता असं नाही. गोठ्यातली एक म्हैस चांगली राहिली तर मी आधी तिच्याचकडे बघत असे. इथं का नाही पाहिलं, ते मला सांगता येत नाही.

काल संध्याकाळी सव्वासातला खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसलो. बत्ती लावली नाही. सत्यभामेला हाक मारू नको म्हणून सांगितलं.

वेलची खसखसजवळ आली. आधी तिला चाटू लागली, कानामागं, मानेवर, पाठीवर. मला वाटलं काय ही माया. मी तिला नर्सबाई म्हणायचो, बाकीच्या आजारी आणि ही एकटी सगळ्यांचं करते म्हणून तिला सूर्यफुलाचं बी जास्तीचं द्यायचो. मग तिनं पुढच्या दोन्ही पायांनी खसखसचं तोंड धरलं, दातांत नव्यानं फुटलेली एक मिशी घेतली आणि मान मागं झटकली. खसखस बारीक चिरकली. पळाली नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिली. वेलचीनं दुसरी धरली.

हे किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. खसखसची मिशी संपली तेव्हा तिनं कपाळावरचे केस घेतले. आणि सोडल्यावर खसखस काय करते? चाकाखाली जागा होती, नळीत जागा होती. ती एक फेरी मारून आली आणि वेलचीलाच बिलगून झोपली. पूनम, मी खुर्चीवरून उठू शकलो नाही.  सत्यभामेनं येऊन बत्ती लावली तेव्हा विचारलं, "काऊन बसले असे? भूत पाह्यलं का?"

जिचं अंग शाबूत तीच हे करत होती, आणि मी तिलाच बी चारत होतो.

आज वेलचीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं आहे. दोन पिंजऱ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं आहे, म्हणजे तिला अगदीच एकटं वाटायला नको. चार तारखेला पिंजरा नेण्याचा बेत मी रद्द केला आहे. पण माझा जबाब आहे तसा राहील, हे तुला आताच सांगून ठेवतो. उंदीर वेगळे आणि माणसं वेगळी.

वामनराव


खामगाव, २८ जुलै

पूनम,

हे पत्र मी दोनदा फाडलं आहे.

काल दुपारी सत्यभामा तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिला वेलचीचं सांगत होतो, आणि तू किती हुशारीनं ओळखलंस ते दाखवावं म्हणून तुझं कार्ड तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मिशा कुणाच्या शाबूत आहेत तेवढं बघा."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "हे तिनं उंदराचं लिहलं का घराचं?"

मी म्हणालो, "उंदरांचं. दुसऱ्या कुणाच्या मिशा?"

"घरात मिशा दोघाच्या हायेत," ती म्हणाली. "एक तुमच्या, एक त्याच्या. दोघाच्याही शाबूत हायेत."

माझा हात आपोआप ओठावर गेला. तिनं ते पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. म्हणाली, "तो सहा वर्षाचा होता. उंबऱ्यावर बसून पाहे. तुमी माह्या डोक्याले हात घालत तवा कोनी त्याले आत नेलं नाही."

मी म्हणालो, दोनदा झालं असेल, आणि तेही मी नोकरीच्या कटकटीत होतो म्हणून.

"तुमी दोन मोजले," ती म्हणाली. "म्या मोजलेच नाही."

पूनम, मी तुला रागानं लिहायला बसलो होतो. घरातली गोष्ट उघड्या कार्डावर लिहिलीस, पोस्टमनच्या हातात दिलीस, आणि सत्यभामेच्या तोंडून माझ्या अंगावर घातलीस, असं पहिल्या कागदावर होतं. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की तू उंदरांच्याच मिशांविषयी लिहिलं होतंस, ते मला पक्कं माहीत आहे. तोही फाडला.

मग मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. समोर कोणी उभं आहे असं धरून उजवा हात पुढं केला. तो समोरच्या माणसाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला जातो. अविनाश उजव्या हातानं जेवतो, उजव्या हातानं लिहितो, उजव्या हातानं दुकानाचं शटर ओढतो. त्या डॉक्टर पोरानं तीन वाक्यांत जे सांगितलं ते मी पस्तीस वर्षांच्या अनुभवानं उडवून लावलं होतं. मी आरशासमोर हात तसाच धरून उभा होतो आणि माझी मलाच किळस आली.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. हे मी तुला देवाची शपथ घेऊन सांगतो.

पण मलाही एक विचारायचं आहे. तू तेव्हा का बोलली नाहीस? दवाखान्यात मी तुझ्या शेजारी बसलो होतो, एवढी खुर्चीला खुर्ची लागून. खसखससारखी डोळे मिटून का बसून राहिलीस? एक शब्द बोलली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं? अविनाश माझा एकुलता एक मुलगा आहे. चार तारखेला मी एक बोललो तर त्याच्यावर गुन्हा पक्का होतो, आणि दुसरं बोललो तर तू खोटी ठरतेस आणि तुला परत इथं यावं लागतं. हे दोन्ही मी कसं पेलायचं, ते तूच सांग.

वामनराव


खामगाव, ३ ऑगस्ट

पूनम,

तुझं तिसरं कार्ड काल आलं. "खसखस पळत नाही कारण पिंजऱ्याची कडी बाहेरून आहे. कडी कोण लावतं?"

 पोस्टमन या वेळी कार्ड देऊन खाली मान घालून गेला.

उत्तर मी इथं लिहीत नाही, तुला ते माहीत आहे म्हणूनच तू विचारलंस.

काल जेवताना अविनाश म्हणाला, "सोमवारी तेच सांगा बाबा, जे पयले सांगतलं. बदलवू नका आता."

मी म्हणालो, "मला आता तसं वाटत नाही."

त्यानं ताटातून मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुम्हाले काय वाटते याचा सवाल नाही. तुमी तं तवा दरवाज्यातच उभे होते."

सत्यभामा वाढत होती. तिच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पाणी प्यायलो. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसलो होतो. तीस वर्षांपूर्वीचं तिनं मला सुनावलं तेव्हा ती शांत होती. काल तिचा चेहरा पांढरा पडला होता. हे तिलाही माहीत नव्हतं.

मागच्या पत्रात देवाची शपथ घेऊन लिहिलेली एक ओळ आहे. ती खोडून टाक.

वामनराव


खामगाव, ५ ऑगस्ट

पूनम,

काल जबाब दिला. टाइप केलेली प्रत सोबत ठेवली आहे. ती वाचण्याआधी हे माझ्या हातचं वाच, कारण टाइप केलेल्या कागदावर माणूस आहे त्यापेक्षा शहाणा दिसतो.

आधी इकडचं सांगून घेतो. सत्यभामा माझ्याबरोबर आली होती. आधी तिनं सांगितलं, तिचं तिनं, मला बाहेर बसवून. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिथून ती घरी आली नाही. जानेफळला बहिणीकडे गेली, सोजराबाईंकडे, एसटी स्टँडवर मी तिला पिशवी दिली आणि तिनं घेतली. कधी येणार ते तिनं सांगितलं नाही. अविनाश घरी नाही, त्याचा फोन बंद आहे. जाताना तो मला म्हणाला, "तुमी बाप नाही." मी हो म्हणालो. ही खरी तर त्याच्या तोंडची शिवी होती, पण मला ती चुकीची वाटली नाही. दीपकला म्हणावं, येऊन उंदीर घेऊन जा. तिघींच्या मिशा फुटू लागल्या आहेत, खसखसच्या अजून आखूड आहेत. वेलचीचं काय करायचं ते तू ठरव. आणि तू इथं परत येऊ नकोस, कुणीही बोलावलं तरी.

आता कालचं.

महिला कक्षातल्या बाई तिशीच्या असतील. स्वतःच टाइप करत होत्या. म्हणाल्या, "काका, आधीच्या जबाबात तुम्ही साथ लिहिली आहे."

मी म्हणालो, "ते खोटं होतं."

"कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मीच लिहिलं."

"मग आता कशावरून म्हणता की मुलानंच केलं?"

मी त्यांना वेलचीचं सांगायला लागलो. मिशा, सांजवेळ, दातांनी धरणं, खसखसचं डोळे मिटून बसणं, सगळं. मला वाटलं मी फार चांगलं सांगतो आहे. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग कीबोर्डवरून हात काढले. म्हणाल्या, "काका, उंदरायचं राहू द्या. तुमी सोताच्या डोळ्यानं काय पाह्यलं ते सांगा."

पूनम, तुला मी एवढी पत्रं लिहिली, त्या सगळ्यांत मी उंदरांमागं लपलो होतो. मला उंदरांनी काही शिकवलं नाही. मला जानेवारीपासून माहीत होतं.

मी बाईंना सांगितलं. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत, १५ जानेवारी. सकाळचे साडेनऊ. मी स्वयंपाकघराच्या दारात आलो. अविनाशनं तुझे केस उजव्या मुठीला दोन वेढे देऊन धरले होते आणि तुझं डोकं ओट्यावर दाबलं होतं. तीळ ओट्यावर सांडले होते. गॅसवर चहा उतू जात होता. त्याची पाठ माझ्याकडे होती, पण दारात सावली पडली ते त्याला कळलं. तुझं तोंड माझ्याकडे होतं. तू मला पाहिलंस. तू हाक मारली नाहीस, नुसती पाहत होतीस, आणि मी तुला पाहत होतो. दवाखान्यात तू का बोलली नाहीस हे मी तुला मागच्या पत्रात विचारलं, पूनम. ते विचारताना माझा हात झडला का नाही?

बाई टाइप करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंग तुमी काय केलं?"

मी म्हणालो, "मी चहा मागितला."

त्यांचे हात थांबले. "म्हणजे?"

"मी खाकरलो आणि म्हणालो, पूनम, चहा झाला का? त्यानं मूठ सोडली. मी जाऊन झोपाळ्यावर बसलो. ती चहा गाळून घेऊन आली. म्हणाली, घ्या मामाजी. कपात एक लांब केस होता. मी तो बोटानं काढला आणि चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं आणि साथ आहे म्हणून सांगितलं."

बाईंनी कीबोर्ड पुढं ओढला. मग म्हणाल्या, "हे पण लिहू? चहाचं?"

मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी सही केली.

वामनराव